‘त्या दिवशी तू मरशील’ : पाप, आत्मिक मरण आणि तारण म्हणजे काय?

बायबलच्या अगदी सुरुवातीला, उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात, देव आदामाला एक गोष्ट बजावतो. बागेतल्या हव्या त्या झाडाचं फळ खा, पण बऱ्यावाइटाचं ज्ञान देणाऱ्या त्या एका झाडाचं खाऊ नकोस. ज्या दिवशी खाशील त्या दिवशी मरशील. पुढच्याच अध्यायात आदाम आणि हव्वा ते फळ खातात, आणि मरत नाहीत. त्यांना मुलं होतात, आदाम घाम गाळून जमीन कसतो, आणि पाचव्या अध्यायात त्याचं वय दिलं आहे ते ९३० वर्षं.

मग देवाचं बोलणं खोटं ठरलं का? ‘तुम्ही काही मरणार नाही’ असं हव्वेला सांगणारा साप खरा निघाला का?

पाप, आत्मिक मरण आणि तारण हे ख्रिस्ती श्रद्धेतले तीन शब्द समजून घ्यायचे तर या कोड्यापासूनच निघावं असं मला वाटतं. समजावून सांगणारे पुष्कळ जण नरकापासून सुरुवात करतात, काही जण थेट येशूच्या क्रुसापासून. दोन्ही वाटांनी गेलं की प्रश्न कळायच्या आधी उत्तर समोर येतं, आणि ऐकणाऱ्याला ते धमकीसारखं तरी वाटतं नाहीतर डोक्यावरून तरी जातं.

फळ खाल्ल्यावर त्या दिवशी काय काय घडलं ते सावकाश वाचून पाहा. आपण नागवे आहोत हे दोघांना एकदम जाणवतं आणि ते अंजिराची पानं जोडून अंग झाकतात. दिवस कलता देवाची चाहूल लागते, तर ज्याच्या सहवासासाठी ती बाग होती त्याच्यापासूनच ते झाडांआड लपतात. देव हाक मारतो, ‘तू कुठे आहेस?’ आदाम म्हणतो, मी घाबरलो, म्हणून लपलो. फळ खाल्लंस का, असं विचारल्यावर तो बायकोकडे बोट दाखवतो, आणि त्याच वाक्यात देवाकडेही: ‘तू मला दिलेल्या त्या स्त्रीने दिलं.’ पुढे जमीनसुद्धा काटेकुसळं उगवू लागते. देवाशी, जोडीदाराशी, स्वतःच्या शरीराशी, पायाखालच्या मातीशी असलेलं प्रत्येक नातं एका दिवसात तडकलेलं असतं. श्वास चालू आहे, पण ज्याला जगणं म्हणावं असं काहीतरी त्याच दिवशी संपलेलं आहे.

मराठी माणसाला हे परकं वाटू नये. सख्ख्या भावांत टोकाचं फाटलं की एक जण म्हणतो, ‘तो मला मेला.’ भाऊ धडधाकट आहे हे म्हणणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं, तरीही तो खोटं बोलत नसतो. नातं मेलेलं असतं, आणि ते सांगायला त्याहून नेमका शब्द सापडत नाही. आत्मिक मरण म्हणजे साधारण हेच: माणूस हिंडतो-फिरतो, कमावतो, हसतो, पण ज्याच्यापासून त्याला जीवन मिळतं त्याच्याशी असलेलं नातं तुटलेलं असतं. फरक एवढाच की भावांच्या भांडणात दोघंही पाठ फिरवून बसतात. उत्पत्तीच्या गोष्टीत लपतो तो माणूस. देव हाक मारत शोधत येतो, आणि बागेबाहेर काढण्याआधी त्या दोघांना चामड्याची वस्त्रं करून घालतो. शिक्षा आणि माया एकाच प्रसंगात आहेत, ही गोष्ट पुढे उपयोगी पडणार आहे.

शरीराचं मरण या गोष्टीतून वगळलेलं नाही. ‘तू माती आहेस आणि मातीला मिळशील’ हेही देव त्याच वेळी सांगतो, आणि जीवनाच्या झाडाची वाट बंद होते. आधी नातं मरतं. शरीर त्याच्या मागून, सावकाश.

नेम हुकणं, वाकडं होणं, बंड करणं

‘पाप’ हा शब्द मराठीत सहसा एकटा येत नाही, पुण्याच्या जोडीने येतो. पापाचा घडा भरतो, पुण्य गाठीशी राहतं. म्हणजे ऐकणाऱ्याच्या मनात आपोआप एक खातेवही उघडते, आणि ‘सगळे पापी आहेत’ असं कुणी म्हटलं की तो रास्तपणे विचारतो, ‘मी कुणाचं काय वाईट केलं?’ हा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. मुळातल्या शब्दांत खातेवही नाही, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

जुन्या कराराच्या, म्हणजे बायबलच्या पहिल्या भागाच्या, हिब्रू भाषेत पापासाठी मुख्यतः तीन शब्द येतात. पहिला ‘खट्टात’. याच्या धातूचा मूळ अर्थ चुकणं, नेम हुकणं. शास्ते या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात बन्यामीन वंशाच्या ७०० डावखुऱ्या गोफणवाल्यांचा उल्लेख आहे: केसावर नेम धरून दगड मारला तरी त्यांचा नेम चुकत नसे. तिथे ‘चुकत नसे’साठी जे क्रियापद आहे तेच इतरत्र ‘पाप करणे’ या अर्थाने येतं. दुसरा शब्द ‘आवोन’, म्हणजे वाकडेपण, आणि त्या वाकडेपणाचा मनावर बसणारा दोष. तिसरा ‘पेशा’, म्हणजे बंड. इस्राएलच्या उत्तरेकडल्या वंशांनी दावीद राजाच्या घराण्याचं राज्य झुगारलं तेव्हाही याच धातूचं क्रियापद वापरलं आहे. एक्कावन्नावं स्तोत्र परंपरेनुसार दावीदाच्या पश्चात्तापाचं मानलं जातं. त्याच्या पहिल्या दोन ओव्यांतच हे तिन्ही शब्द एकामागून एक येतात. हुकलो, वाकडा झालो, उलटलो. एका शब्दात मावत नाही म्हणून तीन.

आणखी एक गोष्ट, जी मला स्वतःला फार उशिरा दिसली. एदेन बागेच्या गोष्टीत, म्हणजे उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायात, ‘पाप’ हा शब्द एकदाही येत नाही. तो पहिल्यांदा येतो चौथ्या अध्यायात, आदामाचा मुलगा काइन भावाच्या जिवावर उठण्याआधी. देव त्याला म्हणतो, पाप दाराशी दबा धरून बसलंय, त्याची नजर तुझ्यावर आहे, तू त्याच्यावर ताबा मिळव. पाप इथे केलेलं कृत्य नाही, टपून बसलेलं जनावर आहे. येशूचा संदेश पसरवणारा प्रेषित पौल रोमकरांस, म्हणजे रोममधल्या ख्रिस्ती लोकांना, लिहिलेल्या पत्रात हेच चित्र पुढे नेतो. त्याच्या लिखाणात पाप बहुतेक वेळा एकवचनी येतं, आणि ते राज्य करतं, माणसाला गुलाम करतं, पगारही देतं. ‘पापाचं वेतन मरण’ या त्याच्या प्रसिद्ध वाक्यात ‘वेतन’साठी जो ग्रीक शब्द आहे तो सैनिकाला मिळणाऱ्या पगाराचा. ज्या धन्याची चाकरी केली त्याने महिनाअखेर दिलेली मजुरी. त्याच वाक्याच्या दुसऱ्या अर्ध्यात पौल सार्वकालिक जीवनाला मात्र वेतन म्हणत नाही, दान म्हणतो.

याच पत्राच्या सातव्या अध्यायात तो मनापासून कबूल करतो: जे चांगलं करावंसं वाटतं ते माझ्या हातून होत नाही, आणि जे करू नये वाटतं तेच होतं. हे वाचून मान डोलावली नाही असा माणूस विरळा. ख्रिस्ती भाषेत ‘पापी’ म्हणजे दुष्ट नव्हे. ज्याचं मन आणि हात एका दिशेने जात नाहीत तो.

सगळे पापी म्हणजे सगळे सारखेच वाईट, असाही अर्थ नाही. दिशा चुकलेलं एक जहाज मनात आणा. त्यावर कुणी आजाऱ्याची शुश्रूषा करतो, कुणी दुसऱ्याच्या पेटीत हात घालतो. दोघांतला फरक खरा आहे आणि महत्त्वाचाही आहे. पण जहाज कुठे चाललंय ते त्या फरकावर ठरत नाही.

हे दिशा चुकणं माणसात येतं कुठून, यावर चर्चमध्ये पहिल्या काही शतकांतच मोठा वाद झाला. उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पो शहराचा बिशप ऑगस्टीन (३५४–४३०) म्हणत होता की आदामात सगळी मानवजात पडली, प्रत्येक जण तो दोष घेऊनच जन्मतो. त्याचा समकालीन पेलाजियस म्हणत होता की आदामाने फक्त वाईट उदाहरण घालून दिलं. प्रत्येक माणूस कोरा जन्मतो आणि मनात आणलं तर निर्दोष जगू शकतो. ४१८ मध्ये कार्थेजच्या धर्मसभेने पेलाजियसचं मत नाकारलं. पण ऑगस्टीनचं म्हणणंही सगळ्यांनी जसंच्या तसं घेतलं नाही. तो लॅटिन बायबल वाचत होता, आणि रोमकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायातली बारावी ओवी त्यात ‘ज्याच्यामध्ये सर्वांनी पाप केलं’ अशी वाचता येते. मूळ ग्रीक वाक्य बहुतेक अभ्यासक ‘कारण सर्वांनी पाप केलं’ असं वाचतात. ग्रीक वाचणाऱ्या पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चने म्हणूनच वेगळी मांडणी ठेवली: आदामाचा अपराध आपल्या माथी येत नाही, त्याच्या पतनाचे परिणाम येतात – मर्त्यपण, कमजोरी, पापाकडे असलेला ओढा. मला ही पूर्वेकडची मांडणी अधिक पटते. कर्जबाजारी घरात जन्मलेल्या बाळाने कर्ज काढलेलं नसतं, पण त्याचं बालपण त्या कर्जातच जातं.

मेलेले, पण चालणारे

इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायाची सुरुवात नीट वाचली तर विचित्र वाटते. तुम्ही आपल्या पापांमुळे मेलेले होता, असं पौल म्हणतो, आणि लगेच पुढे, त्या पापांमध्ये तुम्ही पूर्वी चालत होता. मेलेले आणि चालणारे! भाषेची चूक नाही ही. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रातही ऐषआरामात बुडालेल्या व्यक्तीबद्दल ‘जिवंत असून मेलेली’ असे शब्द आहेत.

ख्रिस्ती विचारात मरण तीन प्रकारे बोललं जातं. देवापासून तुटणं हे आत्मिक मरण. शरीराचं मरण सगळ्यांना दिसतं. आणि ते तुटलेपण कायमचं होणं याला प्रकटीकरणाच्या पुस्तकात ‘दुसरं मरण’ म्हटलं आहे. आत्मिक मरण म्हणजे आत्मा नष्ट होणं नव्हे, ही गफलत नेहमी होते. नष्ट झालेल्याला कुणी हाक मारत नाही.

पण मग ‘मरण’ एवढा टोकाचा शब्द का? कारण रोग कोणता यावर औषध ठरतं. पाप म्हणजे अज्ञान असेल तर चांगला गुरू पुरेसा आहे. पाप म्हणजे आळस असेल तर शिस्त पुरेशी आहे. पाप म्हणजे वहीतली बाकी असेल तर थोडं जास्त दानधर्म करून ती फेडता येईल. मेलेल्या माणसाला मात्र उपदेश करून, शिस्त लावून, दंड भरायला सांगून काहीच साधत नाही. त्याला जीवनच मिळायला हवं, आणि ते त्याच्या आतून येऊ शकत नाही. ख्रिस्ती श्रद्धा नीतीच्या इतर शिकवणींपासून वेगळी होते ती नेमकी इथे, आणि मला ती सगळ्यात खरी वाटते तीही इथेच. स्वतःला सुधारण्याचे संकल्प किती वेळा करून झाले, हे ज्याचं त्याला माहीत असतं.

‘मेलेला’ म्हणजे नेमका किती मेलेला, यावर मतभेद आहेतच. सोळाव्या शतकातला धर्मसुधारक जॉन कॅल्व्हिन याच्या परंपरेत देवाने जिवंत केल्याशिवाय माणूस देवाकडे एक पाऊलही टाकू शकत नाही, आणि देव ज्यांना निवडतो तेच ते टाकतात. डच धर्मशास्त्रज्ञ अर्मिनियसच्या अनुयायांना हे मान्य नव्हतं. देवाची कृपा सगळ्यांकडे आधी येते, पण ती नाकारण्याची मोकळीक माणसाला राहते, असं ते म्हणत. १६१८–१९ मध्ये हॉलंडमधल्या डॉर्ट इथे भरलेल्या धर्मसभेने त्यांचं म्हणणं फेटाळलं, तरी मेथडिस्टांसह अनेक चर्चेसमध्ये ते आजही जिवंत आहे. कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स परंपरा माणसाची इच्छाशक्ती जखमी झालेली मानतात, नाहीशी झालेली नाही. एवढी तफावत असूनही एका मुद्द्यावर यांतलं कुणीच हटत नाही: पहिलं पाऊल देवाचं. ‘तू कुठे आहेस?’ ही हाक आधी, माणसाचं उत्तर नंतर.

तारण हा शब्द

मराठी बायबलमध्ये ‘तारण’ हा शब्द रूढ झाला तो मोठा अर्थपूर्ण आहे. तरणं म्हणजे पाण्यावर राहणं, तारणं म्हणजे बुडत्याला पार नेणं. कर्जासाठी ठेवतात ते तारण वेगळं, पण व्यवहारातला एक शब्द पौलही वापरतो. ख्रिस्तावर विश्वास ठेवणाऱ्याला मिळणाऱ्या पवित्र आत्म्याला तो ‘विसार’ म्हणतो. सौदा पक्का झाला, पूर्ण रक्कम पुढे मिळणार आहे, त्याची खूण म्हणून आज हातावर ठेवलेली रक्कम.

नव्या कराराच्या, म्हणजे येशूपासून सुरू होणाऱ्या बायबलच्या दुसऱ्या भागाच्या, ग्रीकमध्ये तारण करणं आणि बरं करणं यांसाठी एकच क्रियापद येतं. मार्कच्या शुभवर्तमानाच्या, म्हणजे त्याने लिहिलेल्या येशूच्या चरित्राच्या, पाचव्या अध्यायात बारा वर्षं रक्तस्रावाने त्रासलेली एक स्त्री गर्दीतून येऊन येशूच्या वस्त्राला शिवते. ‘तुझ्या विश्वासाने तुला बरं केलं’ या येशूच्या वाक्यात तेच क्रियापद आहे. ‘तुझ्या विश्वासाने तुझं तारण झालं’ असंही ते वाचता येतं. येशू हे नावच ‘याव्हे तारतो’ या अर्थाच्या हिब्रू नावावरून आलं आहे.

तारणाला सरसकट मोक्ष म्हणू नये, असं मला वाटतं. मोक्षात जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटका आहे. ख्रिस्ती तारणात फेऱ्याची कल्पनाच नाही, आणि शरीर टाकून निघून जाण्याचीही नाही. तिथे शेवटी शरीराचं पुनरुत्थान आहे, नवं आकाश आणि नवी पृथ्वी आहे. शिवाय ते सगळं मेल्यानंतरच सुरू होतं असंही नाही. योहानाच्या शुभवर्तमानाच्या सतराव्या अध्यायात येशू प्रार्थनेत सार्वकालिक जीवनाची व्याख्या करतो, तीत काळाचा उल्लेखच नाही: एकच खऱ्या देवाला आणि त्याने पाठवलेल्या ख्रिस्ताला ओळखणं हेच सार्वकालिक जीवन. ओळखणं म्हणजे पुन्हा नातंच आलं.

देवाला नुसतं माफ करता आलं नसतं का?

हा सगळ्यात अवघड प्रश्न, आणि सगळ्यात प्रामाणिकही. देव प्रेमळ आहे आणि सर्वसमर्थ आहे, तर ‘जा, माफ केलं’ म्हणून मोकळा का झाला नाही? मध्ये क्रूस कशाला?

माफीचा अनुभव ज्याला आहे त्याला याचं अर्धं उत्तर ठाऊक असतं. जवळच्या माणसाने विश्वासघात केला, चारचौघांत तुमच्याबद्दल खोटं पसरवलं, अशी कल्पना करा. तुम्ही बदला घेतलात तर वेदना त्याच्याकडे जाते. माफ केलंत तर ती नाहीशी होते का? ती तुम्ही गिळता. रात्री जागता, उलट बोलायचं टाळता, हिशेब चुकता करायचा हक्क सोडून देता. खऱ्या माफीची किंमत माफ करणारा मोजतो, म्हणून ती फुकट मिळते ती फक्त दुसऱ्याला. ख्रिस्ती श्रद्धा म्हणते की क्रुसावर देवाने हेच उघडपणे केलं. पौल करिंथकरांस दुसऱ्या पत्रात लिहितो की देव ख्रिस्तामध्ये जगाचा स्वतःशी समेट करत होता. ‘ख्रिस्तामध्ये’ हा शब्द निसटू देऊ नये. रागावलेला बाप आणि त्याच्या हातून मार खाणारा निरपराध मुलगा, असं चित्र काही प्रवचनांतून उभं राहतं आणि ऐकणाऱ्याला ते क्रूर वाटतं. वाटायलाच हवं. ख्रिस्ती श्रद्धेप्रमाणे पिता आणि पुत्र (येशू) एकच देव असतील तर घाव घालणारा एक आणि सोसणारा दुसरा, अशी वाटणी करता येत नाही.

नवा करार क्रुसाबद्दल एकाच भाषेत बोलत नाही. न्यायालयाची भाषा आहे: आरोपी नीतिमान ठरवला गेला. गुलामांच्या बाजाराची आहे: खंडणी भरून सोडवला. मंदिराची आहे: बलिदान, प्रायश्चित्त. रणांगणाची, घराची, दत्तक घेतलेल्या मुलाचीही आहे. पुढच्या काळात कुणी यातली एक भाषा उचलली, कुणी दुसरी. कँटरबरीचा आर्चबिशप अँसेल्म याने १०९८ च्या सुमारास मांडलं की पापाने देवाचा जो मान हिरावला गेला त्याची भरपाई माणसाने करायला हवी, पण ती करण्याची ऐपत फक्त देवाची. म्हणून देव माणूस झाला. काही वर्षांनी पीटर अबेलार्डने भर दिला तो प्रेमावर: क्रुसावरचं प्रेम पाहून माणसाचं मन विरघळतं आणि तो परत फिरतो. सोळाव्या शतकात कायद्याचं शिक्षण घेतलेल्या कॅल्व्हिनने शिक्षेची भाषा पुढे आणली: आपल्याला व्हायची शिक्षा ख्रिस्ताने आपल्या जागी सोसली.

मला सगळ्यात जवळचं वाटतं ते चौथ्या शतकातल्या अलेक्झांड्रियाच्या अथनेशियसचं चित्र. तो म्हणतो, लाकडी फळीवर एखाद्याची प्रतिमा रंगवली आणि ती डाग पडून पुसट झाली, तर फळी फेकून देत नाहीत. ज्याची ती प्रतिमा, त्यालाच पुन्हा येऊन समोर बसावं लागतं, म्हणजे त्याच फळीवर ती पुन्हा रेखाटता येते. माणूस देवाच्या प्रतिमेत घडवलेला आहे, असं उत्पत्तीचा पहिला अध्याय सांगतो. प्रतिमा मळली, म्हणून ज्याची ती होती तो स्वतः आला.

निकेया इथे ३२५ मध्ये तयार झालेल्या मतांगिकारात, म्हणजे चर्चच्या श्रद्धेच्या जाहीर निवेदनात, ‘आम्हा मानवांसाठी आणि आमच्या तारणासाठी’ तो खाली आला एवढंच म्हटलं आहे. तारण कसं घडलं याची एकच एक उपपत्ती सगळ्या चर्चवर बंधनकारक नाही.

पण क्रुसावर थांबलं तर गोष्ट अर्धवट राहते. पौल बजावून सांगतो की ख्रिस्त उठला नसेल तर तुम्ही अजून आपल्या पापांतच आहात. रोग मरण असेल तर हे ओघानेच येतं. दोष माफ होणं ही मोठी गोष्ट, पण माफी मिळालेला मृतदेह मृतदेहच राहतो.

विश्वास आणि कृती

हे जीवन माणसाला मिळतं कसं? इफिसकरांस पत्राचं उत्तर: कृपेने, विश्वासाच्या द्वारे, कृत्यांनी नव्हे. इथे विश्वास म्हणजे ‘देव आहे’ हे मान्य करणं नाही. याकोब आपल्या पत्रात म्हणतो की एवढं तर भुतंही मानतात आणि थरथर कापतात. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरचं कौशल्य मान्य करणं वेगळं, आणि भूल घ्यायला टेबलावर आडवं होणं वेगळं. विश्वास हा दुसऱ्या प्रकारचा.

यावरूनच पश्चिमेकडचं चर्च दुभंगलं. ३१ ऑक्टोबर १५१७ रोजी मार्टिन ल्यूथर या जर्मन धर्मगुरूने आपले ९५ मुद्दे मांडले ते पापाबद्दलची शिक्षा कमी करणाऱ्या माफीपत्रांच्या विक्रीविरुद्ध. पुढे त्याची भूमिका स्पष्ट झाली की माणूस नीतिमान ठरतो तो केवळ विश्वासाने. कॅथलिक चर्चने १५४७ मध्ये ट्रेंटच्या परिषदेत उत्तर दिलं: आरंभ कृपेनेच होतो, पण नीतिमान होणं म्हणजे माणूस आतून खरोखर नवा होणं, त्यात आशा आणि प्रीतीही हवी, आणि कृपेच्या बळावर केलेली सत्कृत्यं त्यात भर घालतात. साडेचारशे वर्षांनी, ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी, कॅथलिक चर्च आणि जागतिक ल्यूथरन संघ यांनी ऑग्सबर्ग शहरात एका संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या: आमच्या कोणत्याही गुणामुळे नव्हे, तर ख्रिस्ताच्या तारणकार्यावरच्या विश्वासाने, केवळ कृपेने देव आम्हाला स्वीकारतो आणि पवित्र आत्मा देऊन सत्कृत्यांसाठी सिद्ध करतो. सगळे मतभेद मिटले नाहीत. पण ज्या वादापायी पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांना शाप दिले गेले, त्याचा गाभा दोघांनी मिळून लिहिता आला, ही मला फार मोठी गोष्ट वाटते.

लूकच्या शुभवर्तमानातली दोन माणसं शेजारी ठेवली की वाद थोडा निवळतो. येशूशेजारी क्रुसावर टांगलेला गुन्हेगार एकही सत्कृत्य करू शकत नाही; ‘माझी आठवण ठेव’ एवढंच म्हणतो आणि त्याला वचन मिळतं. यरीहोतला जकातदार जक्कय मात्र अर्धी मालमत्ता गरिबांना द्यायला निघतो, लुबाडलेलं चौपट परत करायला तयार होतो, आणि येशू म्हणतो, आज या घराला तारण मिळालं. येशू त्याच्या घरी आला तो आधी, जक्कयने तिजोरी उघडली ती नंतर. कृती ही किंमत नव्हती, नाडी सुरू झाल्याची खूण होती.

येशूने सांगितलेल्या उधळ्या पुत्राच्या दाखल्यातही तोच क्रम आहे. धाकटा मुलगा बाप जिवंत असतानाच वाटणी मागतो, दूर देशी सगळं उडवतो, आणि उपाशी परत येताना मनात माफीचं भाषण तयार करतो. बाप दुरून पाहून धावत सुटतो, ते भाषण संपायच्या आत झगा आणि अंगठी मागवतो. ‘हा माझा मुलगा मेला होता, तो जिवंत झाला आहे,’ असं म्हणतो. कुठलंही प्रेत उठलेलं नसतं. नातं उठलेलं असतं. थोरला मात्र आयुष्यभर एकही आज्ञा मोडली नाही असं सांगत अंगणात रुसून उभा राहतो, आणि भावाला ‘माझा भाऊ’ न म्हणता बापाला ‘हा तुझा मुलगा’ असं म्हणतो. त्याची वही स्वच्छ असेलही. पण घराबाहेर दोघंही होते, एक दूर देशी आणि एक दारात.

ख्रिस्ताबद्दल कधी ऐकलंच नाही त्यांचं काय, हा प्रश्न इथे विचारला जातोच. ख्रिस्ती मंडळींत यावर एकमत नाही. ख्रिस्तावर जाणीवपूर्वक विश्वास ठेवल्याशिवाय तारण नाही असं मानणारे पुष्कळ आहेत. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये म्हटलं की स्वतःचा दोष नसताना ज्यांना शुभवर्तमान कळलं नाही, पण जे मनापासून देवाचा शोध घेतात आणि सदसद्विवेकाप्रमाणे वागायचा यत्न करतात, त्यांनाही कृपेने तारण मिळू शकतं. मी स्वतः या प्रश्नाशी आलो की झाडांआड लपलेल्याला शोधत आलेला देव आठवतो, आणि कुणाचा निकाल लावायला माझी जीभ उचलत नाही.

राहिला एक प्रश्न, जो ख्रिस्ती नसलेल्यांपेक्षा ख्रिस्ती माणसालाच जास्त छळतो. तारण झालं असेल तर मी अजून का रागावतो, खोटं का बोलतो, तेच ते पाप पुन्हा का करतो? नव्या करारात तारण तिन्ही काळांत येतं: झालेलं आहे, होत आहे, होणार आहे. योहानाच्या अकराव्या अध्यायात येशूच्या मित्राला, लाजराला, मरून चार दिवस झालेले असतात. आता दुर्गंधी सुटली असेल, असं त्याची बहीण मार्था म्हणते. येशू मोठ्याने हाक मारतो आणि मेलेला माणूस कबरेबाहेर येतो. पण हातपाय कापडाच्या पट्ट्यांनी बांधलेले, तोंडाला रुमाल गुंडाळलेला. जिवंत आहे, आणि अजून प्रेतवस्त्रात आहे. येशू त्या पट्ट्या स्वतः सोडत नाही. आजूबाजूला उभ्या असलेल्या लोकांना तो सांगतो, ‘याला मोकळं करा, जाऊ द्या.’